दाढेतली चांदी

दाढेत भरलेली चांदी किंवा सिमेंट ही माणसाच्या इतक्या जवळची वस्तू, पण तिची पावती कुणी जपून ठेवत नाही. मिक्सरची पावती कपाटात असते, कुकरच्या रबराचीही असते. चोवीस तास तोंडात राहून चकलीपासून मटणाच्या नळीपर्यंत सगळ्यांशी झुंजणाऱ्या त्या चिमूटभर मसाल्याची नोंद मात्र कुठेच नसते. "ही दाढ कधी भरली होती?" असं डॉक्टरांनी विचारलं की आपण छताकडे बघतो आणि घरातल्या कार्यांच्या आधाराने काळ मोजायला लागतो. "थोरलीच्या लग्नाआधी... नाही, नाही, तिच्या डोहाळजेवणाच्या सुमाराला. खोबऱ्याची वडी लागली होती, चांगलं आठवतंय." डॉक्टर कार्डावर 'जुनं' एवढंच लिहितात. डोहाळे पुरवून घेणारा तो नातू तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतो.

एकदा भरली की भरली, असा या बाबतीत आपला सर्वसाधारण सिद्धांत असतो. आमच्या शेजारचे आण्णा आपली चांदी भरलेली दाढ पाहुण्यांना आ करून दाखवत. "पूर्वीचं काम! आता असं काम होत नाही." त्यातली निम्मी चांदी केव्हाच भाकरीबरोबर पोटात गेली होती, हे एक्स-रे काढल्यावर कळलं. उरलेल्या निम्मीबद्दलचा आण्णांचा अभिमान तसूभरही कमी झाला नाही. "बघा, इतकी वर्षं झाली, निम्मी अजून आहे!"

मी उसाच्या मुलखातला. कोल्हापूरकडे आमच्या लहानपणी दात चावण्यासाठीही असतात, हे जरा उशिरा लक्षात यायचं. आधी त्यांनी ऊस सोलायचा, सुतळी तोडायची, पेनाचं घट्ट बसलेलं टोपण ओढायचं आणि बाटलीचं बूच उडवायचं. दाताने बूच उडवणारा वर्गात एक तरी असायचा आणि त्याला मॉनिटरपेक्षा जास्त मान असायचा. गुऱ्हाळावर गेलं की कोमट गूळ, त्यावर काकवी, त्यावर पुन्हा ऊस. दिवसभर तोंडात गोड आणि रात्री चूळ भरायचा कंटाळा. दातांवरच्या जंतूंना याहून चांगले दिवस कुठे मिळणार? साखरेवर जगून ते आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दातातली खनिजं विरघळवतं. दातावरचं इनॅमल म्हणजे माणसाच्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. तेही या रोजच्या आम्लस्नानापुढे हात टेकतं.

लोक मात्र म्हणत, कीड लागली. आणि कीड म्हटल्यावर ती दिसली पाहिजे, असा त्यांचा रास्त आग्रह असे. बाजाराच्या दिवशी दाढेतली कीड काढून हातावर दाखवणारे लोक बसत. वळवळणारी कीड डोळ्यांनी बघून रोगी तृप्त मनाने पैसे देई. रात्री दाढ पुन्हा ठणकली तर ती दुसरी कीड असणार, हे उघडच होतं. भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेणारेही होते. आमच्या आजीचा भर लवंगेवर. दाढेखाली लवंग धरून ती तासन् तास बसे आणि तेवढा वेळ घरात शांतता नांदे. आजीचं औषध पुढे दवाखान्यातही भेटलं. लवंगेतलं युजेनॉल आणि झिंक ऑक्साइडची पूड कालवून तात्पुरती भरण करतात. दातांच्या जुन्या दवाखान्यांत शिरताच नाकाला लागायचा तो वास बहुतेक याच मिश्रणाचा. आपल्याला वाटायचं, डॉक्टर आत मसालेभात करताहेत.

आता मुद्द्याचं. दाढ भरली म्हणजे दाढ बरी झाली, असं आपण धरून चालतो. हाड मोडलं तर ते पुन्हा जुळतं, कातडी कापली तर भरून येते, पण इनॅमल एकदा गेलं की शरीर ते पुन्हा तयार करत नाही. डॉक्टर फक्त खराब भाग काढून त्या जागी दुसरं काहीतरी बसवतात. म्हणजे ही डागडुजी झाली, आणि डागडुजीचं आयुष्य डागडुजीएवढंच. आमच्या गावाकडचं घर कौलारू होतं. मृगाच्या आधी ते शाकारायचं, हे पंचांगात लिहिल्यासारखं ठरलेलं. आजोबांनी एकदा शाकारलं म्हणजे नातवाला वर चढायला नको, असं कुणी म्हणालं नाही. सरकलेलं कौल खालून दिसतही नसे. पाणी मात्र बरोबर ती फट शोधून भिंतीत उतरे आणि श्रावणात पोपडे धरले की मग घरातल्या मोठ्यांना जाग येई. दाढेतही असंच होतं. भरलेला मसाला आणि दात यांच्यामध्ये केसाएवढी फट पडते, तिच्यातून लाळ, साखर आणि जंतू आत झिरपतात आणि मसाल्याच्या आडोशाला बसून नव्याने पोखरायला लागतात. जुनं फिलिंग बदलावं लागण्याची जी कारणं डॉक्टर नेहमी सांगतात, त्यांत ही आतली नवी कीड आघाडीवर असते.

फट का पडते? कारण दात आणि मसाला यांची पत्रिका जुळलेली नसते. गरम झालं की दोघेही प्रसरण पावतात, थंड झालं की आकसतात, पण सारख्या प्रमाणात नाही. चांदीचा मसाला दाताच्या साधारण दुप्पट फुगतो-आकसतो आणि दातांच्या रंगाचा नवा मसाला, ज्याला कॉम्पोझिट म्हणतात, त्याहूनही जास्त. आता आपलं लग्नातलं जेवण आठवा. कढईतून नुकती काढलेली जिलेबी आणि वर बर्फ घातलेला मठ्ठा. आग्रह करकरून तिसऱ्यांदा वाढतात. पंगतीत प्रत्येक घासाला दाढेतला मसाला एकदा ताणतो, एकदा आखडतो. शिवाय चावण्याचा जोर. दाढा एकमेकींवर पूर्ण ताकदीने दाबल्या तर साठ-सत्तर किलोंपर्यंत दाब सहज येतो. रात्री झोपेत दात खाणारी माणसं हा दाब तासन् तास फुकट खर्च करतात. आपल्याकडे त्याचा दोष पोटातल्या जंतांना दिला जातो. जंतांनी निदान दातांच्या बाबतीत तरी कुणाचं काही वाकडं केलेलं नाही.

एवढं सोसूनही चांदी दहा-पंधरा वर्षं सहज टिकते, काहींच्या तोंडात त्याच्या दुप्पटही. कॉम्पोझिटचं आयुष्य साधारणपणे त्याहून कमी धरतात, पण भरणाऱ्याचा हात, भरलेल्या खड्ड्याचा आकार आणि तोंडाच्या मालकाच्या सवयी यांच्यावर बरंच अवलंबून असतं. मालकाच्या सवयी या विषयावर डॉक्टर बोलायला लागले की मालक घड्याळ बघतो.

मसाला थकला हे सगळ्यात आधी कळतं ते जिभेला. जिभेला बोलायचं काम नसलं की ती तोंडात गस्त घालते. मसाल्याची कड मोहरीएवढी तुटली तरी तिच्या हिशेबाने विहीर पडलेली असते. मग माणूस सभेत बसलेला असो, बँकेच्या रांगेत उभा असो की नातेवाइकाच्या तेराव्याला गंभीर चेहरा करून बसलेला असो, त्याचा गाल आतून हलत असतो. जीभ त्या कडेवरून जाते, परत येते, पुन्हा जाते. अशा माणसाशी बोलण्यात अर्थ नसतो. त्याचं 'हो ना' आणि 'खरंय' दुसऱ्याच विषयाला उद्देशून असतं.

पुढची खूण म्हणजे अन्न अडकणं. पेरूची बी, मेथीचा देठ, आंब्याचं केसर, मटणाचा धागा हे सगळे तोंडभर मोकळी जागा सोडून नेमके एकाच फटीत शिरायला लागले की समजावं, तिथली कड गेली. यावर मराठी माणसाने जी शस्त्रं वापरली आहेत, त्यांचं प्रदर्शन भरवता येईल. आगकाडी, सेफ्टीपिन, उदबत्तीची काडी, एस.टी.चं तिकीट दोनदा दुमडून. जुन्या घरांतून चांदीच्या कडीत अडकवलेली दातकोरणी आणि कानकोरणीची जोडी असे. आमच्या एका मामांकडे ती आहे. त्यातली कुठली कशासाठी, हे ते नेहमी बघून घेतात, असं मामी सांगतात. मामींच्या बोलण्यातल्या 'नेहमी' या शब्दावर माझा पूर्ण विश्वास नाही. हल्ली डॉक्टर दातांमधून ओढायचा दोरा देतात. तो त्याच जागी पुन्हा पुन्हा अडकून पिसकारायला लागला, तर तीही एक साक्षच. आत कुठेतरी खरखरीत, तुटलेली कड आहे.

मग येते कळ. इथे मात्र जरा नीट लक्ष द्यायला हवं, कारण कळेकळेत फरक असतो आणि तो घड्याळावर मोजता येतो. फ्रिजमधलं पाणी लागलं, सणक गेली आणि दोन-चार सेकंदांत थांबली, तर दाढेच्या आतली नस चिडली आहे, पण अजून समजूत काढण्यासारखी आहे. गार घोट गिळून झाला, तांब्या जागेवर ठेवून झाला, तरी कळ रेंगाळतेच आहे, किंवा रात्री आडवं झाल्यावर कुणीही न छेडता दाढ आपणहून ठणकते, तर प्रकरण बहुधा नसेपर्यंत गेलेलं असतं. मग नुसतं फिलिंग बदलून भागत नाही, रूट कॅनाल करावं लागतं. पहिल्या सणकेपासून या ठणक्यापर्यंतच्या मधल्या काळात माणसं काय करतात? तर दुसऱ्या बाजूने चावतात. एका बाजूने चावण्याची ही कला आपल्याकडे इतकी पुढे गेली आहे की काहींना ती व्याधी आहे हेच आठवत नाही.

एक कळ मात्र चमत्कारिक असते. मटकीच्या उसळीत गणंग दाताखाली येतो. चावताना काही होत नाही आणि दाब सोडताना वीज चमकते. सोडताना दुखणं हे दाढेला तडा गेल्याचं लक्षण असू शकतं. मोठ्या चांदीच्या बाजूला उरलेली दाताची भिंत पातळ होते, वर्षानुवर्षं वाकते आणि एक दिवस उकलते. दोष मात्र नेहमी गणंगालाच लागतो. "सूनबाईंनी मटकी नीट निवडली नाही" इथपर्यंत ते जातं. तो गणंग बिचारा शेवटचा साक्षीदार. दाढ मोडण्याची तयारी त्याच्या जन्माआधीपासून चालू होती.

चांदीवाल्यांना आणखी एक अनुभव ठाऊक असेल. चॉकलेटच्या चमकत्या कागदाचा तुकडा चुकून दाताखाली आला की डोक्यापर्यंत झिणझिण्या जातात. ॲल्युमिनियम, दाढेतला मिश्रधातू आणि मध्ये खारट लाळ म्हणजे तोंडातल्या तोंडात बॅटरी तयार होते. पण याचा अर्थ मसाला बिघडला असा नाही. त्यावरून शहाण्या माणसाला एवढंच कळावं की कागद काढून खायचा असतो.

आणि कित्येकदा काहीच होत नाही. ना कळ, ना कड, ना वास. मसाल्याच्या खाली कीड मुकाट्याने काम करत असते. नस आधीच काढून टाकलेल्या, म्हणजे रूट कॅनाल झालेल्या दाढेला तर ओरडायलाही कुणी उरलेलं नसतं. म्हणून डॉक्टर 'दुखत नसलं तरी दाखवून जा' म्हणतात. आपल्याला वाटतं, हे गिऱ्हाईक टिकवायचं बोलणं. असेलही थोडं. पण छोट्या एक्स-रेमध्ये दोन दाढांच्या मधली काळी सावली जी दिसते, ती आरशात दिसत नाही आणि जिभेलाही लागत नाही.

माणसाची या बाबतीतली धडपड फार जुनी आहे. बलुचिस्तानातल्या मेहरगढला नऊ माणसांच्या मिळून अकरा दाढा सापडल्या आहेत, साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या, आणि त्यांना गारगोटीच्या टोकाने व्यवस्थित भोकं पाडलेली आहेत. मणी भोकायची जी कारागिरी, तीच बहुधा दाढेवर चालवली. भूल कसली दिली असेल, याचा विचार न केलेला बरा. स्लोव्हेनियात साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या एका सुळ्यात मधमाशीचं मेण भरलेलं आढळलं. पुढे चांदीचा मसाला आला. १८३३ मध्ये क्रॉकर नावाचे भाऊ युरोपातून न्यूयॉर्कला उतरले आणि चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात कालवून 'राजेशाही' नावाखाली तो लोकांच्या दाढांत भरायला लागले. स्वस्त, झटपट आणि बेफिकीर. तिथले सोन्याने दात भरणारे प्रतिष्ठित दंतवैद्य इतके खवळले की १८४० साली निघालेल्या त्यांच्या संघटनेने सभासदांकडून 'आम्ही पाऱ्याचा मसाला वापरणार नाही' अशी प्रतिज्ञा लिहून घेतली. संघटना १८५६ मध्ये मोडली. मसाला मात्र टिकला. शिकागोच्या ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांनी १८९०च्या दशकात त्याचं प्रमाण नीट बसवून दिलं आणि पुढची शंभर वर्षं जगाने त्यावर चकल्या खाल्ल्या.

आपण चांदी म्हणतो खरं, पण त्यात वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. उरलेल्यात चांदी, कथील आणि तांबं. हे वाचून काहींचा हात गालाकडे गेला असेल. जाऊ द्या, खाली घ्या. पारा पर्यावरणात जातो म्हणून जग चांदी सोडायला निघालं आहे. २०१३ चा मिनामाता करार झाला, भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला, युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून काही अपवाद सोडून चांदी बंद केली आणि करारातल्या देशांनी २०३४ पर्यंत ती संपवायचं ठरवलं आहे. पण आपल्या दाढेत घट्ट, धडधाकट बसलेली चांदी केवळ भीतीने उपटून काढावी, असं यातून निघत नाही. उलट ती कोरून काढताना पाऱ्याची वाफ जास्त उडते. काढायची वेळ आलीच, तर पाण्याचा भरपूर फवारा आणि जोरात ओढणारी नळी लावून काढतात.

अलीकडेच माझ्या खालच्या उजव्या दाढेतली चांदी काढून नवा मसाला भरला. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. "काका, आ करा. मोठा. अजून मोठा." मग इंजेक्शन. "मुंगी चावल्यासारखं वाटेल हं." ही मुंगी कुठल्या जंगलातली, हे दंतशास्त्राने एकदा जाहीर करावं. पाच मिनिटांत अर्धा ओठ परका झाला. मग जुनी चांदी तुकड्या-तुकड्याने निघाली. वरून ती चकचकीत होती, खाली तपकिरी आणि भिजलेल्या खडूसारखी मऊ कीड निघाली. ती त्यांनी बारीक चमच्यासारख्या हत्याराने खरवडून काढली. काळपट पण टणक लागणारा भाग मात्र तसाच ठेवला. "रंग गेला म्हणून काढायचा नसतो काका, मऊ असेल तेवढंच काढायचं. नस जवळ आहे." हे वाक्य माझ्या वयाच्या सगळ्यांना लागू पडावं, असं मला वाटून गेलं. पण तोंडात कापूस होता, म्हणून बोललो नाही.

पुढचं काम बघण्यासारखं होतं, म्हणजे डॉक्टरांच्या चष्म्यात जेवढं दिसलं तेवढं. दाढेभोवती पोलादाची पातळ पट्टी गुंडाळली, शेजारच्या दाढेच्या बाजूने लाकडाची छोटी पाचर ठोकली. सुताराकडे असते तशीच, फक्त आगकाडीच्या टोकाएवढी. ही पट्टी आणि पाचर नीट बसली नाही तर दोन दाढांमध्ये फट राहते आणि मग पुन्हा मेथीचे देठ. मग निळं जेल लावलं. ते फॉस्फोरिक आम्ल. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या मायकेल ब्युनोकोर यांनी दाखवून दिलं की या आम्लाने इनॅमल खरखरीत केलं, तर त्याला राळेसारखा पदार्थ घट्ट धरतो. आयुष्यभर ज्या आम्लापासून दात वाचवायचे, तेच शेवटी चिकटवायला कामाला आलं. जेल धुऊन दाढ वाळवली. लाळेचा एक थेंबही चालत नाही. त्या थेंबाने फिलिंगचं आयुष्य वर्षांनी कमी होतं, आणि नेमकी तेव्हाच तोंडाला जिलेबी आठवल्यासारखी लाळ सुटते. नळी घरघरत राहते.

मग मसाला, पण एकदम नाही. दोन-दोन मिलिमीटरचा थर आणि प्रत्येक थरावर वीसेक सेकंद निळा प्रकाश. कॉम्पोझिट घट्ट होताना थोडं आकसतं. एकदम भरलं तर ते कडेपासून सुटून नवी फट जन्माला घालतं. म्हणून ही सबुरी. प्रत्येक थराला यंत्र पीक् करून वाजे. डॉक्टर मधल्या वेळात विचारत होत्या, "मुलगी पुण्यालाच का? काय करते?" दंतवैद्य प्रश्न विचारायची वेळ कशी निवडतात, हा एक स्वतंत्र विषय आहे. मी "आँ आँ" केलं. त्या म्हणाल्या, "अरे वा, छान." कुठल्या उत्तराला छान म्हणाल्या, ते अजून कळलेलं नाही.

शेवटी निळा कार्बन कागद. "चावा. टक् टक् करा. आता बाजूला घासा." जिथे निळा ठिपका गडद उमटतो तिथे मसाला उंच, तो घासायचा. पण अर्धं तोंड बधिर असताना आपण नेहमीसारखं चावतोय की नाही, हे कळायला मार्ग नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मसाला उंच वाटला, चावताना तीच दाढ आधी टेकायला लागली, तर संकोच न करता परत जावं. दोन मिनिटांचं घासकाम असतं. लोक मात्र 'बसेल हळूहळू' म्हणून महिनाभर सोसतात आणि दाढ दुखवून घेतात. भूल उतरेपर्यंत काही खाऊ नका, असंही सांगतात. मसाला कच्चा असतो म्हणून नव्हे, तो निळ्या प्रकाशात तिथेच पक्का होतो. आपण आपलाच गाल चावून खाऊ नये, म्हणून. मी फक्त चहा घेतला. त्यातला थोडा शर्टाने घेतला.

आता जे सांगायचं ते. जुनं फिलिंग ओळखा, दाखवा, पण दिसलं की बदला, याचाही उत्साह नको. दर वेळी जुना मसाला काढताना त्याच्याबरोबर थोडा चांगला दातही जातो. खड्डा मोठा होतो, पुढचं फिलिंग आणखी मोठं, मग भिंत मोडते, मग कॅप, मग रूट कॅनाल, मग 'ही काढूनच टाकू', मग कवळी. ही वाट एकाच दिशेने जाते. म्हणून नुसती कड काळी पडली, चांदीची झळाळी गेली, कोपरा थोडा झिजला, एवढ्यावरून नवं फिलिंग करायची गरज नसते. चहा-पानाचा डागही काळाच दिसतो. कित्येकदा कड घासून गुळगुळीत करता येते, तुटलेला कोपरा तेवढाच भरता येतो. आहे ते दुरुस्त करणं हाही उपचार आहे, आणि चांगले डॉक्टर तो सुचवतात. मात्र त्यात पैसे कमी मिळतात आणि रोग्यालाही फार काही केल्यासारखं वाटत नाही.

एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. डॉक्टर बदलला की फिलिंग बदलायची शक्यता वाढते, हे ब्रिटनमधल्या अभ्यासांत दिसलं आहे. नव्या डॉक्टरला जुन्याचं काम पसंत पडत नाही. गवंडी, शिंपी आणि सुना यांच्याबद्दल आपण हे ऐकून होतो. एकाच दाढेकडे बघून एक डॉक्टर 'लगेच' म्हणतो आणि दुसरा 'सहा महिन्यांनी बघू'. दोघेही प्रामाणिक असू शकतात. तेव्हा दुखत नसेल, एक्स-रेमध्ये काही दिसत नसेल आणि तरी एका बैठकीत पाच-सहा दाढा उकरायचा बेत ऐकू आला, तर शांतपणे घरी यावं आणि आणखी एकाला दाखवावं. फिलिंग थोडं थांबल्याने बहुधा बिघडत नाही, मात्र रेंगाळणारी कळ असेल तर थांबू नये.

आणि एक विनंती. एक्स-रे मागून बघा, कुठे काय दिसतंय ते बोटाने दाखवायला सांगा, आणि 'दुरुस्त नाही का होणार?' एवढं विचाराच. पण हे सगळं भूल द्यायच्या आधी विचारा. एकदा तोंडात कापूस गेला की प्रश्न विचारायचा अधिकार फक्त डॉक्टरांकडे राहतो.